बाळंतपणाआधीचं पत्र

चि. बंडूस,


सूनबाईला सातवा लागला, ओटीभरणाचा घाट घातलाय, हे वाचून बरं वाटलं. पण तिच्या बायपोलर आजाराबद्दल बाळंतपणाच्या डॉक्टरांशी अजून कुणी बोललेलं नाही, हे ताईकडून कळलं. "उगाच बोभाटा कशाला" म्हणे! बोभाटा परवडला रे. डॉक्टरांना अंधारात ठेवणं परवडत नाही.

इतकी वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते म्हणून सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, ते निम्म्याहून जास्त जणींचं होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्याला घाबरू नकोस. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे भान सुटून भ्रम होणं, मात्र वेगळा. हजारात एक-दोघींनाच होतो, पण आधीपासून बायपोलर असेल तर साधारण पाचात एकीला. आणि येतो तो झपाट्यानं, बहुतेकदा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच.

पहिली खूण झोपेची. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरी ही टक्क जागी, आणि वर "मला थकवाच नाही" म्हणते. मग बोलणं सुसाट सुटतं, संशय येतो. बाळ बदललंय, दुधात काही घातलंय, बाळावर काही संकट आहे, असं काहीबाही. फसगत होते ती पुढे. सकाळी भ्रमात असलेली बाई दुपारी पाहुण्यांशी अगदी शहाण्यासारखी बोलते, आणि घरचे म्हणतात, बरी झाली. कुणी म्हणतं बाहेरचं झालं, दृष्ट काढा. ताईला काढू दे दृष्ट, गाडी मात्र आधी बाहेर काढ. त्याच दिवशी दवाखाना. तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. या अवस्थेत तिच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असू शकतो. तो आजाराचा असतो, तिच्या मायेत काही कमी नसतं.

तिच्या गोळ्या कुणीही मनानं बंद करायच्या नाहीत. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. गरोदरपणात ते गर्भाला घातक. पण तेही परस्पर थांबवू नकोस. अंगावर पाजायचं की नाही, तेही त्यांना आत्ताच विचार. रात्रीचं एखादं पाजणं वरच्या दुधावर भागलं तर तिला सलग झोप मिळेल. यावर ताई नाक मुरडेल, मुरडू दे.

भरती करावंच लागलं तर बाळापासून तोडतील ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचं मूल एरवी आईजवळच ठेवतात, आणि बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर मायलेकरांसाठी वेगळा वॉर्डच आहे. वेळेवर उपचार झाले की बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिच्या आईलाही हे सगळं सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोन्ही घरी लिहून ठेव. ताईशी मी बोलते. डॉक्टरांची वेळ मात्र तूच घे, आणि तिला बरोबर ने.

तुझी,
मावशी