धरमपेठेतून परदेशात : वेबसाइट नेताना कुठे ठेच लागते?

समजा धरमपेठेतल्या एका साडीवाल्याची वेबसाइट तुम्ही फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून करून दिली. नागपुरात ती मस्त चालली. मग तो म्हणतो, ‘आता कॅनडा, जर्मनी, दुबईलाही विकू या.’ आपल्याला वाटतं, मजकुराचं भाषांतर केलं, रुपयाच्या जागी डॉलर टाकला, झालं काम! माझं मत वेगळं आहे. भाषांतर हा सोपा भाग. आपल्या गावच्या सवयी आपण नकळत कोडमध्ये लिहून ठेवतो, त्या परदेशी गिऱ्हाइकाला आडव्या येतात. अशा काही जागा पाहू.

१) पत्ता : पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. धरमपेठेचा ४४००१०. म्हणून आपण फॉर्मवर ‘सहा अंक सक्तीचे’ अशी अट घालतो. पण कॅनडाच्या कोडमध्ये अक्षरं असतात आणि हाँगकाँगला पोस्टल कोडच नाही. साडी पसंत पडली, पैसे तयार, पण फॉर्म पुढे सरकत नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, निघून जातं.

२) आकडे आणि तारीख : आपण १,००,००० लिहितो, अमेरिकन माणूस १००,०००. जर्मनीत १.५०० म्हणजे दीड हजार! जपानी येनला व्यवहारात पैसे नसतात, तर कुवेती दिनारला दशांशानंतर तीन स्थळं लागतात. ०५/०६ ही तारीख आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरांत लिहा, वाद मिटला.

३) वेळ : आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळचं पावणेसहा तास. फक्त पूर्ण तासांचा हिशेब केला की ऑफर भलत्याच वेळी संपते. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत ठेवा, दाखवताना बदला.

४) लिपी : ‘धरमपेठ’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये ती १८ बाइट घेतात. रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली असेल तर नाव अर्धवट कापलं जातं. अरबी तर उजवीकडून डावीकडे चालते, तिथे पूर्ण पानाची मांडणी उलटते.

५) झेंडा म्हणजे भाषा नव्हे : हे नागपूरकरांना काय सांगायचं! एकाच चौकात मराठी आणि हिंदी दोन्ही ऐकू येतात, मग तिरंगा कोणत्या बटणावर लावणार? भाषेचं नाव त्याच भाषेत लिहा. आयपी पत्त्यावरून माणसाला परस्पर दुसऱ्या पानावर ढकलू नका. दुबईतल्या मराठी माणसाला अरबी पान दाखवून काय उपयोग? निवड त्याच्यावर सोडा.

६) कायदा : युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे. तिथल्या गिऱ्हाइकांना माल विकायचा तर भारतात बसूनही तो पाळावा लागतो. नको ती माहिती मागूच नका.

तेव्हा सबमिशनच्या आधी एक करा. कॅनडा, हाँगकाँग, जर्मनी, नेपाळ आणि दुबई असे पाच गिऱ्हाईक कल्पनेने उभे करा आणि प्रत्येकाच्या नावाने पहिल्या पानापासून पैसे भरण्यापर्यंत ऑर्डर टाकून पाहा. हॉस्टेलच्या पाच मित्रांना कामाला लावलं तर एका संध्याकाळचं काम आहे. जिथे ऑर्डर अडेल, तिथे आपल्या गावची एखादी सवय लपलेली सापडेल.