लॅपटॉपची हार्ड डिस्क आपण बदलावी काय?

परीक्षा जवळ आली, की वसतिगृहातील एखादा तरी लॅपटॉप हटकून आजारी पडतो. सुरू व्हायला दहा मिनिटे, निबंधाची फाइल उघडायला आणखी पाच. मग शेजारच्या खोलीतील मित्र वैद्य होऊन येतो आणि सांगतो, "हार्ड डिस्क गेली. नवी आण, चार स्क्रू काढले की काम झालं!" त्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. परंतु 'बदलता येते' आणि 'आपण बदलावी' या दोन गोष्टी एक नव्हेत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा निर्णय कसा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. संगणकातील मजकूर कायम साठविण्याची जागा म्हणजे हार्ड डिस्क. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली अशी पहिली डिस्क आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधील डिस्क अडीच इंची मापाची. तत्त्व मात्र तेच. चुंबकीय लेपाची तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते आणि केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतक्या अंतरावरून वाचणारे टोक तिच्यावर तरंगत फिरते. जे फिरते ते झिजते. धक्का बसला तर मोडतेही. अलीकडे तिची जागा एस.एस.डी.ने घेतली आहे. हिच्यात फिरणारा भागच नाही, सारे काही चिपांवर. तबकडीवरून सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट मजकूर वाचला जातो, तर साटा जोडणीच्या एस.एस.डी.वरून सुमारे ५००. जुना लॅपटॉप डिस्क बदलताच तरतरीत होतो, त्याचे कारण हे.

आता निर्णयाकडे वळू. माझ्या मते येथे चार प्रश्न आहेत आणि ते याच क्रमाने विचारले पाहिजेत. क्रम चुकला की काय होते, ते मी अनुभवाने शिकलो आहे.

पहिला प्रश्न : डिस्कवरील मजकुराची दुसरी प्रत आहे काय?

२०२२ च्या उन्हाळ्यात आमची एक एम.ए.ची विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. आतून टक्-टक् असा आवाज येत होता. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच मी स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क यशस्वीपणे बदलली होती. त्यामुळे अंगात बळ संचारले होते. "काही अवघड नाही, नवी घेऊन ये, संध्याकाळी बसवू," असे मी सांगून टाकले. तेव्हा ती म्हणाली, "सर, आजीच्या ओव्या यातच आहेत. दुसरीकडे कुठं नाहीत." तिने गावी जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि आजी त्याच हिवाळ्यात निवर्तली होती. आम्ही प्रत काढण्यासाठी लॅपटॉप पुनःपुन्हा सुरू केला. चौथ्या वेळी संगणक डिस्क ओळखेनासाच झाला. पुढे मजकूर सोडवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे ती पाठवावी लागली. नव्या डिस्कच्या कितीतरी पट खर्च आला आणि सुमारे निम्म्या ओव्या परत मिळाल्या. उरलेल्या गेल्या.

तिने मला डिस्कविषयी विचारले आणि मी डिस्कविषयीच उत्तर दिले. चूक तेथेच झाली. डिस्क बाजारात मिळते, मजकूर मिळत नाही. टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल, तर वाचणारे टोक आपली जागा शोधू शकत नाही, कदाचित तबकडीला घासतही आहे, असे समजावे. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न नवी इजा करू शकतो. म्हणून यंत्र बंद करावे आणि मजकूर अमूल्य असेल तर तज्ज्ञाकडे जावे. आवाज नाही, नुसती गती मंदावली आहे, असे असेल तर आधी सर्वांत मोलाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. चित्रपट आणि गाणी मागाहून. प्रत उघडून पाहिल्याखेरीज ती झाली असे मानू नये.

दुसरा प्रश्न : दुखणे खरोखर डिस्कचेच आहे काय?

लॅपटॉप मंद होण्याची कारणे अनेक. स्मृती म्हणजे रॅम अवघी ४ जी.बी. असेल, पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असेल, सुरू होतानाच दहा-वीस प्रोग्राम जागे होत असतील, तर निर्दोष डिस्क बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रामने ती वाचता येते. निकामी झाल्यामुळे बदललेल्या आणि बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे तेथे दिसतात. ते वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. आकडे निर्मळ असले म्हणजे डिस्क अमर आहे, असे मात्र नव्हे.

तिसरा प्रश्न : हे यंत्र आपल्याला हात लावू देते काय?

लॅपटॉपच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक असतो. त्यावरून दुरुस्तीची पुस्तिका शोधावी आणि विकत घेण्यापूर्वी वाचावी. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा डिस्क असते. तिची जाडी ७ मिलिमीटर की ९.५, हे पाहावे लागते. नव्या यंत्रांत एम.२ नावाची २२ मिलिमीटर रुंदीची पट्टी असते. तिच्यात साटा आणि एन.व्ही.एम.ई. असे दोन प्रकार असून एकाच्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 'लॅपटॉपची डिस्क द्या' म्हणणे म्हणजे माप न सांगता चप्पल मागणे होय. काही यंत्रांत साठवणीच्या चिपा मूळ पटलालाच डाखलेल्या असतात. २०१५ सालचे १२ इंची मॅकबुक हे त्याचे उदाहरण. तेथे विषय संपला. मुदत शिल्लक असेल तर वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात. डिस्क फुकट बदलून मिळत असताना स्वतः हात घालणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

चौथा प्रश्न : पुढचे काम आपल्याला निभावेल काय?

स्क्रू काढणे हा कामाचा लहान भाग. वीज तोडावी, आतली बॅटरी सुटी करावी, धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, कोणता स्क्रू कोठला ते कागदावर मांडून ठेवावे. प्लास्टिकच्या खिट्ट्या आणि चपट्या केबली नाजूक असतात. तेथे घाई नडते.

नवी डिस्क कोरी पाटी असते. तिच्यावर विंडोज घालण्यासाठी किमान ८ जी.बी.चा पेनड्राइव्ह आधीच तयार हवा. लॅपटॉप बंद पडल्यावर तो कोठे करणार? जुनी डिस्क अजून धड असेल तर यू.एस.बी. केबलने नवी बाहेरून जोडून क्लोनझिलासारख्या प्रोग्रामने जशीच्या तशी नक्कल काढता येते. मजकूर बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्ली आधीच लिहून घ्यावी. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने, जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालते का, की लिनक्स घालावे लागेल, हेही खर्चापूर्वीच ठरवावे.

तात्पर्य, प्रत हाताशी आहे, दोष डिस्कचाच आहे, यंत्र उघडणारे आहे आणि एक मोकळा रविवार आहे, तर डिस्क अवश्य स्वतः बदलावी. काम सुशिक्षित माणसाच्या आवाक्यातले आहे आणि एकदा केले की यंत्राची भीती जाते. यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे तीन विचारूच नयेत. काढलेली जुनी डिस्कही काही महिने जपून ठेवावी. पुसलेला मजकूर तिच्यातून पुष्कळदा परत काढता येतो, म्हणून ती तशीच भंगारात देऊ नये.

त्या विद्यार्थिनीचा प्रबंध उरलेल्या ओव्यांवर पूर्ण झाला. त्या ओव्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक प्रत आमच्या विभागातील कपाटात आहे. एखादा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला, की हल्ली मी त्याला प्रथम एवढेच विचारतो : "याच्यात काय आहे, जे दुसरीकडे कुठं नाही?"