शिट्टी कधी वाजवायची?

रामदासपेठ, धंतोली, शिवाजीनगर हा आपल्या नागपूरचा पट्टा बास्केटबॉलचा. इथल्या पालकांना खेळ कळतो, म्हणून शाळेच्या सामन्यात कडेने हमखास ऐकू येतं, "सर, नियम म्हणजे नियम, फाउल द्या ना!" पाच मिनिटांनी त्याच बाजूने, "अहो, एवढ्याशा धक्क्याला कसली शिट्टी वाजवता?" दोन्ही आवाज बऱ्याचदा एकाचेच असतात, ते सोडून देऊ.

शिक्षक मित्रांनो, फिबाचं नियमपुस्तकच पंचाला विवेक वापरायला सांगतं. २८ बाय १५ मीटरच्या मैदानात दहा जण पळणार, तर अंगाला अंग लागणारच. पंचाने बघायचं की त्या धक्क्याने कुणाचा फायदा झाला, कुणाचं नुकसान झालं. दोन्ही नसेल तर खेळ चालू द्यायचा. खेळाडूंची कुवत आणि वागणूकही ध्यानात घ्यायची. मुद्दाम मारलेला कोपर मात्र वेगळा, तिथे हिशेब करत बसायचं नाही.

तीन सेकंदांचा नियम घ्या. समोरच्या संघाच्या रिंगखाली आखलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. पण खेळाडू बाहेर पडायच्या प्रयत्नात असेल तर सवलत आहे, तीही पुस्तकातच. सहावीची मुलगी तिथे गोंधळून उभी आहे, चेंडू तिच्यापासून लांब आहे. अशा वेळी शिट्टीआधी "बाहेर ये गं" म्हणणारा पंच मला आवडतो.

रेषा आणि घड्याळ यांच्यात मात्र विवेक नको. पाय रेषेवर पडला की पडला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका सोव्हिएत संघाविरुद्ध ५०-४९ अशी पुढे होती. फिबाचे विल्यम जोन्स अधिकार नसताना मध्ये पडले, शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि अमेरिका ५१-५० ने हरली. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रिकेवर सही करायला नकार दिला. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत.

आपल्याकडची अडचण याहून साधी आणि जास्त बोचणारी. शालेय सामन्यात पंच बऱ्याचदा कुठल्या तरी शाळेचाच क्रीडाशिक्षक असतो. नावाजलेल्या शाळेच्या उंच पोराचा धक्का 'खेळाचा भाग' ठरतो, मनपा शाळेच्या पोराचा तसाच धक्का फाउल. पाच फाउल झाले की तो बाहेर. पोट्टे हे सगळं बरोबर मोजतात बरं का! म्हणूनच पुस्तक नुसता विवेक मागत नाही, त्यात सातत्य मागतं: दोन्ही रिंगांखाली एकच माप, पहिल्या मिनिटाला जे, शेवटच्या मिनिटालाही तेच.

पालकहो, घरी परतताना मुलगा पंचावर चिडला असेल तर त्याला एवढंच विचारा, "तसाच धक्का तिकडच्या रिंगखाली लागला, तेव्हा सरांनी काय दिलं?"