खाली सही करा



तुमच्या घरी मराठीत छापलेला एखादा अर्ज कधीतरी आला असेल. तो बँकेचा असेल, रेशनकार्डाचा असेल किंवा शाळेचा असेल. घरातील मोठी माणसे तो तुमच्या हाती देतात आणि म्हणतात, "जरा वाचून सांग, यात काय लिहिले आहे?" १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही आपल्या राज्याची राजभाषा ठरली. म्हणून सरकारी कागद मराठीत येतात. न समजता केलेली सही महागात पडू शकते. तेव्हा तुमचे मराठी वाचन हे केवळ परीक्षेतील गुणांसाठी नाही. घरच्या माणसांचा त्यावर भरवसा असतो.

अर्जाच्या शेवटी एक ओळ असते : 'खाली सही करा.' उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे आणि 'सही' म्हणजे बरोबर. हे अर्थ येथे लावले तर काहीच बोध होत नाही. येथे 'खाली' म्हणजे खालच्या बाजूला आणि 'सही' म्हणजे दस्तखत. दोन्ही शब्द ओळखीचे, पण त्यांनीच आपल्याला फसवले! असे होऊ नये म्हणून काय करावे, ते आता पाहू.

ओळखीचे शब्द

मराठी भाषा तुम्हांला वाटते तितकी परकी नाही. दख्खनमध्ये १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर निजामशाही, आदिलशाही अशी राज्ये आली. त्या काळी दरबारात फारसी चालत असे. तेव्हा कितीतरी फारसी आणि अरबी शब्द मराठीत आले. अर्ज, वकील, जमीन, तारीख हे शब्द तर जसेच्या तसे राहिले. काही शब्दांचे रूप थोडे बदलले. 'कुर्सी'ची खुर्ची झाली, 'सियाही'ची शाई झाली, 'कागज'चा कागद झाला आणि 'हाजिर'चे हजर झाले. मराठीतील असे शब्द कवी माधव जूलियन यांनी गोळा केले. त्यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून नवा धडा उघडला की प्रथम ओळखीच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. पुष्कळ शब्द आपलेच आहेत, हे पाहून धीर येतो.

चेहरा तोच, अर्थ वेगळा

पण रेघ मारून थांबू नका. पूर्ण वाक्य वाचा आणि अर्थ जुळतो का ते पाहा. ही वाक्ये वाचा :

मी दप्तर घेऊन शाळेत गेलो.
आजोबांना राग आला.
गुरुजी आज रजेवर आहेत.
पहिलवानाने किताब जिंकला.

उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. कचेरी हातात घेऊन शाळेत कसे जाता येईल? मराठीत दप्तर म्हणजे पुस्तकांची पिशवी. उर्दूत राग गायचा असतो. मराठीत राग म्हणजे गुस्सा. उर्दूत रजा म्हणजे संमती; मराठीत रजा म्हणजे सुटी. आणि पहिलवानाने जिंकलेला 'किताब' म्हणजे पुस्तक नव्हे, तर 'खिताब', म्हणजे मानाची पदवी. शब्दाचा खरा अर्थ शेजारचे शब्द सांगतात.

मोठ्याने वाचा

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. याची भीती वाटू देऊ नका. आकडे तर तुम्ही उर्दूतही डावीकडूनच लिहिता! शिवाय उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत. ते वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार सारे लिहिलेले असते. म्हणून अनोळखी शब्दही तुम्ही वाचू शकता. फक्त एवढे लक्षात ठेवा : 'कि' मधील वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो.

'ळ' हा उच्चार उर्दूत नाही. तो जिभेवर बसेपर्यंत या जोड्या रोज म्हणा : काल-काळ, वेल-वेळ, मूल-मूळ, माल-माळ. मांडवावर चढते ती वेल आणि घड्याळ दाखवते ती वेळ. एका अक्षराने अर्थ किती बदलतो, पाहा!

शब्दांची वही

एक लहान वही करा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात मराठी शब्द लिहा, दुसऱ्यात उर्दू अर्थ आणि तिसऱ्यात स्वतः तयार केलेले वाक्य. तिसरा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. नुसता अर्थ पाठ केला तर तो विसरतो. वाक्यात वापरलेला शब्द लक्षात राहतो.

नाम लिहिताना त्याच्यापुढे तो, ती किंवा ते लिहा. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. 'मेरा घर' म्हणायची सवय असल्यामुळे 'माझा घर' असे लिहिले जाते. 'मेरी किताब' वरून 'माझी पुस्तक' होते. म्हणून वहीत 'ते घर', 'ते पुस्तक' असेच लिहा. मग 'माझे घर', 'माझे पुस्तक' आपोआप लेखणीतून उतरेल.

रोज पाच शब्द पुरेत. आठवड्याला पस्तीस होतील. रविवारी वही मित्राला द्या. त्याने शब्द विचारावेत, तुम्ही वाक्ये सांगावीत. पुढच्या वेळी घरी अर्ज आला, की तो वाचा, उर्दूत समजावून सांगा आणि मगच म्हणा, "अम्मी, आता येथे खाली सही करा."

शब्दार्थ

बोध होणे – समजणे
भरवसा – विश्वास
रकाना – पानावर आखलेला उभा भाग
महागात पडणे – नुकसान होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'फारसी-मराठी कोश' कोणी तयार केला?
(आ) शब्दांच्या वहीत तिसऱ्या रकान्यात काय लिहावे?

२. पुढील शब्दांचे मराठी आणि उर्दू अर्थ लिहा : खाली, सही, दप्तर, राग.

३. माझा, माझी, माझे यांपैकी योग्य शब्द लिहा.
(अ) ........ घर (आ) ........ शाळा (इ) ........ डबा (ई) ........ पुस्तक

४. घरी असलेला एखादा मराठी अर्ज वाचा. त्यातील पाच शब्द तुमच्या वहीत लिहा.