सर्व्हर नवा, डेटा जुना

फायनल इयरच्या सबमिशनला दोन दिवस उरले असताना आमच्या ग्रुपने एक पराक्रम केला. सेटिंग्जशी खेळता खेळता एसक्यूएल सर्व्हर सुरूच होईना, म्हणून तो काढून पुन्हा टाकला. सर्व्हर झकास चालू झाला, पण यादीत आमचा डेटाबेस कुठेच नाही! सगळ्यांचे चेहरे पडले. प्रत्यक्षात काहीच गेलं नव्हतं.

कारण समजून घ्या. आपली टेबल्स 'एमडीएफ' फाइलमध्ये आणि बदलांची नोंद 'एलडीएफ' फाइलमध्ये असते. पण कोणता डेटाबेस कुठे आहे, ही यादी 'मास्टर' या सिस्टिम डेटाबेसमध्ये असते. सर्व्हर पुन्हा टाकला की मास्टर कोरा करकरीत येतो. घर जागेवरच असतं, पत्त्यांची वही तेवढी नवीन असते. म्हणून डिस्क फॉरमॅट केली नसेल, तर आधी जुनं 'डेटा' फोल्डर शोधा.

फाइल्स सापडल्या की :

१) दोन्ही फाइल्सची कॉपी दुसरीकडे ठेवा. हे टाळू नका. नव्या व्हर्जनला जोडलेली जुनी फाइल आतून बदलते आणि मग जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही.

२) मॅनेजमेंट स्टुडिओत 'डेटाबेसेस'वर राइट क्लिक करून 'अटॅच' घ्या, 'अ‍ॅड' दाबून एमडीएफ निवडा. एलडीएफ आपोआप दिसली नाही, तर तिचा नवा पाथ द्या.

३) 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका. सर्व्हरची सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालते, त्याला त्या फाइल्सवर परवानगी द्या.

डेटाबेस दिसला की काम संपलं असं आम्हाला वाटलं, पण आमचा प्रोग्राम लॉगिनच होईना! लॉगिनसुद्धा मास्टरमध्येच असतात. त्याच नावाचं लॉगिन नव्याने बनवलं, तरी त्याचा आतला नंबर, म्हणजे 'एसआयडी', वेगळा असतो. डेटाबेसमधला जुना युजर त्यामुळे अनाथ होतो. 'अल्टर यूजर' कमांडमध्ये 'विथ लॉगिन' लिहून दोघांची पुन्हा गाठ घालून द्यावी लागते.

आमचं निभावलं, कारण डिस्क शाबूत होती. ती गेली असती तर 'अटॅच' करायला काय उरलं असतं? तेव्हा आपल्या डेटाबेसचा आणि मास्टरचाही बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. आजच घ्या, सबमिशनच्या आदल्या रात्री नको!