पाहुण्यांना भाकरी, घरच्यांना पाव

गेल्या जानेवारीत पुण्याचे नातेवाईक आले आणि त्यांच्या हट्टाखातर सोलापूरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर हुरडा खायला गेलो. माणशी आठशे रुपये. आगटीतला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही; आणि दुपारी चुलीवरची भाकरी अन् पिठले.

भाकऱ्या थापणाऱ्या बाई माझ्याच दवाखान्यातल्या रुग्ण निघाल्या. हिमोग्लोबिन आठ, चालताना धाप. "सकाळपासून काय खाल्लंत?" मी विचारले. "चहा-पाव," त्या म्हणाल्या. भाकरी का नाही? त्या हसल्या. "डॉक्टरसाहेब, भाकरी रोजचीच की. पोरं म्हणतात, गरिबाचं खाणं. घरी पाहुणा आला तर आम्ही पुऱ्या करतो."

या उत्तरात लाज आहे, आणि ती एका दिवसात आलेली नाही. पोळी सणाची, भाकरी रोजची, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो खाल्लेली पिढी तर भरड धान्याचे नाव काढले की आजही तोंड वाकडे करते. आता वारे फिरले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून पाळले. शहरातला पांढरपेशा भाकरीमागे धावू लागला. पण ती थापणाऱ्या बाईच्या ताटातून ती गेली.

शहरवाल्यांची समजूतही पुरती खरी नाही. आमच्या एका पाहुण्यांना मधुमेह आहे. "भाकरीने साखर वाढत नाही," असे म्हणत त्यांनी लोण्याबरोबर चार भाकऱ्या संपवल्या. वाचकहो, शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. गव्हाच्या कणकेपेक्षा कमी नाहीत. चार भाकऱ्या पचवायला मागे दिवसभराची खुरपणी लागते, मोटारीतला प्रवास नव्हे! मधुमेह्याने एक, फार तर दीड भाकरी घ्यावी आणि पालेभाजी भरपूर खावी.

मात्र पावाच्या मैद्याशी तुलना केली तर भाकरी केव्हाही सरस. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम चोथा, मैद्यात तीनही नाही. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर, पांढऱ्या तांदळात एकही नाही. नाचणीत चुना साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक.

त्या बाईंना मी सांगितले ते असे: पाहुण्यांसाठी तवा तापला की पहिली भाकरी आपली. हिवाळ्यात बाजरीची. सोबत मेथी किंवा शेपू, वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. चहा जेवणाला लागून नको, तासाभराने घ्यावा. चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. आणि लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. नुसत्या भाकरीने आठाचे बारा होत नाहीत.

"पहिली मालकांना दाखवावी लागते," त्या म्हणाल्या. मग मी केंद्राच्या मालकांशीच बोललो. आता सकाळी कामावरच्या चौघींची भाकरी आधी होते.