घोड्याची हिवाळी झूल

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीस घोडेबाजार भरतो. तो थंडीचाच काळ असल्याने नवा घोडा घेणारे पुष्कळ जण सोबत नक्षीची झूलही घेतात. ती झूल मिरवणुकीची. उबेसाठी तिचा फारसा उपयोग नाही.

मुळात धडधाकट घोड्यास आपल्याकडील थंडीत झूल लागतेच असे नाही. हिवाळ्यात त्याचे केस दाट होतात, व खाल्लेली वैरण आतड्यात आंबताना अंगात उष्णता निर्माण होते. यास्तव पहिला खर्च रात्रीच्या वैरणीवर व वाऱ्याच्या बाजूस तट्टी बांधण्यावर करावा. जनावर म्हातारे, रोडावलेले, आजारी किंवा केस कातरलेले असल्यास मात्र झूल अवश्य घालावी.

याकरिता आतून जुनी घोंगडी व बाहेरून धुतलेले गोणपाट लावून शिवलेली झूल चांगली उपयोगी पडते. खताची वा औषधाची गोणी घेऊ नये. छातीच्या मध्यापासून कुशीवरून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावे. मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर मऊ कापड लावण्यास विसरू नये. तेथे झूल घासून जखम झाली, तर ती भरेपर्यंत पाठीवर साज चढविता येत नाही आणि टांगेवाल्याचा रोजगार बुडतो.

रोज सकाळी झूल काढून खरारा करावा. झुलीखाली हात घालून पाहावा. अंग घामेजले असल्यास ती काढावी. गोणपाट पाणी शोषते. भिजलेली झूल अंगावर राहिल्यास घोडा अधिकच गारठतो. ती वाळेपर्यंत त्यास आडोशाला, कोरड्या गवताच्या अंथरुणावर बांधावे.